आबांचा नेम आणि ऊब बघणारा डबा

“आवं हवालदार, तुमचं पोरगं मेलंय का झोपलंय तेवढं सांगा. म्हंजे सरण रचायचं का च्या ठिवायचा ते मला ठरवाया बरं.”

हे तात्या आमच्या बांधावरून ओरडत होते. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांचं रान आमच्या रानाला लागून, आणि त्यांचा आवाज थेट कडेगावच्या बाजाराला लागून. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन परतले, म्हणून अख्खं गाव त्यांना हवालदार म्हणायचं. आणि मेलंय का झोपलंय अशी शंका ज्याच्याविषयी होती ते पोरगं म्हणजे मी, वय वर्षं चौतीस. राखणीच्या मचाणावर घोंगडं पांघरून पडलो होतो, आणि खाली रानडुकरांनी आमचा दोन गुंठे मका मातीत मळून तात्यांच्या मक्याला तोंड लावलं होतं.

“किती आलती रं?” तात्यांनी विचारलं.

“चाळीस तरी असतील.”

“झोपंत मोजलीस व्हय?”

नव्वदनंतरची ती मधली वर्षं. आमच्या शिवारात पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं डुकरं आली. दिवसभर उसात पडून राहायची आणि अंधार पडला की मक्यात उतरायची. वडूजकडच्या आमच्या पाहुण्यांच्या शाळवात काळविटं शिरायची. ते लोक तक्रार करायचे तेव्हा मला हेवा वाटायचा. काळवीट निदान खाऊन जातं, दिसायलाही बरं. डुक्कर खातं थोडं, लोळतं फार. त्यातलं एक तर रेड्याएवढं होतं. रेडा जरा लहान असेल, पण डुक्कर तेवढंच होतं.

मी साखर कारखान्यात वायरमन. दिवसा तिथं पॅनेलमध्ये डोकं घालायचं, संध्याकाळी घरी येऊन भाकरी खायची आणि मचाणावर चढायचं. असे तीन हिवाळे काढले. माझ्या डोळ्यांखाली एवढ्या पिशव्या आल्या होत्या की आईनं त्या बाजाराला नेल्या असत्या तर आठवड्याचे कांदे मावले असते. कारखान्यात मी उभ्या उभ्या झोपायला शिकलो. शिडीवर, एका हातात टेस्टर धरून झोपायला शिकलो. साहेबानं हाक मारली की झोपेतच “लोड वाढलाय साहेब” असं म्हणायचो, आणि गळिताच्या हंगामात ते नेहमी खरंच असायचं. थकवा असा मुरला होता की रविवारी झोपायला मिळालं तरी झोप लागायची नाही. नुसतं छताकडं बघत पडायचं आणि कुठं पाला वाजतोय का ते ऐकायचं.

आबा राखणीला यायचे, पण पहाटे. चार वाजता अंघोळ, मग खाकी स्वेटर, मग खांद्यावर एकनळी. ही बंदूक पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. वनखात्याकडून रानडुकरापुरती परवानगी मिळाल्याचा कागदही त्यांच्या खिशात घडी करून असायचा. एके काळी त्यांचा नेम असा होता की म्हणे उडत्या पोपटाच्या चोचीतली मिरची पाडायचे आणि पोपटाला कळायचं नाही. हे मीच गावात पसरवलं होतं. पण दोन-तीन वर्षांत बार ऐकू आला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, “मोका साधला पायजे. उगं आवाज करायचा आसंल तर डबं हायतच.”

खरी गोष्ट अशी होती की आबांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. विजेच्या डांबाला त्यांनी एकदा राम राम घातला आणि डांबानं उत्तर दिलं नाही म्हणून आठवडाभर त्या गल्लीनं गेले नाहीत. पण ऑपरेशनचा विषय काढायचा नाही. ऑपरेशन म्हणजे दिसत नाही हे कबूल करणं, आणि आमच्याकडं फौजेतून आलेला माणूस काहीही कबूल करत नाही.

आई मला चुलीपाशी गाठून म्हणायची, “एक दिस कुनाचा तरी जीव जाईल. तू सांग त्यास्नी. बंदूक जमा करा म्हनावं.”

“तू का सांगत न्हाईस?”

“मी बायकू हाय. तू पोरगा हायस.”

हे कारण कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. पण खरं हेच की जगाला नाही नाही ते ऐकवणारा मी, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. आबांनी बंदूक खाली ठेवावी हे मलाही हवं होतं. फक्त ती हरून ठेवू नये. म्हणून मी मनात एक बेत शिजवत होतो. एकदा, शेवटचं, समोर डुक्कर अगदी नक्की असताना त्यांच्याकडून एक बार काढायचा. मग गावभर पेढे वाटायचे, हवालदारांनी रिटायरमेंट घेतली म्हणून सांगायचं, आणि परवाना जमा. अडचण एवढीच की नक्की डुक्कर दाखवणार कोण?

ते दाखवणारं यंत्र जानेवारीत कारखान्यात आलं.

पुण्याहून एक इंजिनिअर आला. सडसडीत, डोक्यावर माकडटोपी, बोलणं सदाशिव पेठेतलं. त्याच्याकडं एक कॅमेरा होता. हातात धरायचा, खांद्याला बॅटरी अडकवायची आणि गळ्यात छोटा पडदा टांगायचा. वजन एकूण तुमच्या-आमच्या तिजोरीएवढं. हा कॅमेरा उजेड बघत नव्हता, ऊब बघत होता. गरम ते पांढरं, गार ते काळं. पॅनेलमधला कुठला जॉइंट तापलाय, कुठली तार उद्या जळणार, हे तो हात न लावता सांगायचा. मी वायरमन, आयुष्यभर हात लावून बघत आलेलो. मला तर रडू फुटायचं बाकी होतं.

इंजिनिअरनं पडदा माझ्यावर रोखून दाखवला. माझं नाक काळं, कपाळ पांढरं.

“मग साहेब, ह्यात अंधारात जनावर दिसंल?”

“अहो, जनावरच काय, मांजर नुकतंच उठून गेलं तर त्याची बसलेली जागा दिसते.”

ते ऐकलं आणि माझी झोप तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण उडाली.

आता एका नवख्या साहेबाला पहाटे रानात न्यायचं तर त्याच्यावर काहीतरी उपकार पाहिजे. तो देवानंच जुळवून आणला. हा कॅमेरा चालायला आतून भयंकर गार ठेवावा लागायचा, आणि त्यासाठी त्यात पातळ नायट्रोजन ओतायचा. एकदा भरला की दोन तास. साहेबानं त्याचा थर्मास पुण्याहून जीपमधून आणला होता. पण घाटात कुठंतरी बूच उडालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मास उघडला तर आत नुसती वाफ. अजून निम्मे पॅनेल तपासायचे होते. कारखान्याचे मोठे साहेब घामाघूम झाले. पुण्याला गाडी पाठवायची तर एक दिवस गेला.

मी म्हणालो, “आमच्या गावात हाय की.”

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसं काही मी गावात विमानतळ आहे म्हणालो.

पण नायट्रोजन होताच. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाची टाकी होती. वळूचं बी त्या टाकीत नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचे. गावात त्याला बाटलीतला बैल म्हणायचे. मी साहेबाला जीपमधून तिथं नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी कॅमेरा निरखून पाहिला, मग टाकी पाहिली, मग आम्हाला पाहिलं.

“दोन लिटर देतो,” ते म्हणाले. “पन माझा बैल गरम झाला तर पुढल्या साली वासरं तुमच्या कारखान्यात बांधीन.”

धुराचे लोट काढत थर्मास भरला गेला. पुढं मी कित्येक वर्षं सांगत होतो की त्या दिवसापासून तो कॅमेरा माणसांकडं बघेना, फक्त गाई दिसल्या की पडदा उजळायचा. हे खोटं आहे. पण पॅनेलचं काम संध्याकाळपर्यंत झालं, थर्मासमध्ये एका वेळेपुरतं उरलं, आणि साहेबाला माझ्याविषयी जे वाटत होतं ते वाटत असतानाच मी मुद्द्यावर आलो.

“या की पहाटं आमच्या रानात. डुकरं बघा. आईच्या हातचं हुरड्याचं थालीपीठ खावा.”

तो आला. बिचारा साडेचारला गेस्ट हाउसमधून सायकलवर मागं बसून आला. आबा तयारच होते. खाकी स्वेटर, खांद्यावर एकनळी, साहेबाला कडक सलाम. सलाम साहेबाच्या जरा डावीकडं गेला, तिथं म्हैस होती. साहेबानं मनावर घेतलं नाही.

माझी चूक अशी की मी यंत्र घरीच सुरू करायला सांगितलं. मग आईला चूल बघायची होती. चुलीनं पडदा असा पांढरा झाला की साहेबानं घाईनं तोंड फिरवलं. मग म्हैस बघितली. अंधारात कापसाच्या गासड्या उभ्या असाव्यात तशी दिसत होती. मग अंगणातला उकिरडा. तो आतून धुमसत असतो, पडद्यावर कारखान्याच्या बॉयलरपेक्षा पांढरा निघाला. साहेब इतका खूश झाला की त्यानं उकिरड्याचं तीन बाजूंनी निरीक्षण केलं. वाटेत विहीर लागली. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, तर आख्खी विहीर चंद्र पडल्यासारखी उजळलेली. मी बघतच राहिलो. तीन हिवाळे त्या विहिरीशेजारून पाय ओढत गेलो होतो. एवढी ऊब रोज तिथं होती आणि मला हुडहुडी सोडून काही ठाऊक नव्हतं.

मचाणाखाली पोचेपर्यंत पावणेदोन तास उलटले होते. झुंजुमुंजू व्हायला लागलं होतं. साहेबानं यंत्र उसावर रोखलं. पडदा नुसता करडा.

“उसात काय दिसतंय?” मी विचारलं.

“ऊस.”

“आतली डुकरं?”

“पाल्याच्या आडचं दिसत नाही. हे उघड्यावरचं बघतं.”

हे त्यानं आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी झोपलो असतो. पण तेवढ्यात पडद्याच्या कडेला काहीतरी आलं. तात्यांच्या मक्याच्या टोकाला, बांधाच्या खालच्या अंगाला, जमिनीलगत एक काळपट ढीग, आणि त्या ढिगाच्या खालच्या बाजूला एक पांढराशुभ्र गोल.

साहेब कुजबुजला, “तोंड असावं.”

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. त्या काळी पहाटे माणसं टमरेल घेऊन रानात जायची. बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही आणि मारलीच तर बसलेला माणूस ओ देत नाही. तोंड फिरवून, अंगावरचं घोंगडं डोक्यावरून ओढून, आपण तिथं नाहीच असं समजून बसायचं. येणाऱ्यानंही तसंच समजायचं. पुण्याचा साहेब बरोबर असेल तर मग विचारायलाच नको. घोंगडं जाड लोकरीचं असेल तर आतली ऊब बाहेर येत नाही. यंत्राला फक्त तेवढंच दिसतं जेवढं घोंगड्याबाहेर असतं.

हे सगळं मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तीन वर्षांचं जागरण डोक्यात घेऊन माणूस फार तर पुढचं पाऊल टाकू शकतो.

आबांनी दबक्या आवाजात विचारलं, “कोन हाय रं तिकडं?”

ढीग जरा आणखी खाली बसला.

“मानूस आसतं तर बोललं आसतं,” आबा म्हणाले. “आना हिकडं, बगू द्या.”

साहेबानं गळ्यातला पडदा काढून आबांच्या हातात दिला. आबांनी त्याच्यावर वाकून, दोन्ही हातांनी आडोसा करून डोळे लावले. तेवढ्यात साहेबानं माझी बाही ओढली आणि कानात सांगितलं, “नायट्रोजन संपला. पडदा काळा झालाय. काहीच दिसत नाहीये त्यात.”

आबा मात्र पडद्यात बघत होते. चांगले निवांत, दोन-तीन श्वास घेऊन.

“डुक्करच हाय,” ते म्हणाले. “नर हाय. सुळं दिसत्यात. उजवीकडं तोंड करून उबा हाय.”

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत मी जितक्या बढाया मारल्या तितक्या जिल्ह्यात कुणी मारल्या नसतील, पण इतकी शांत, इतकी नेटकी थाप मी कधी ऐकली नव्हती. आणि ती माझ्या बापानं मारली होती. आता ते वाक्य बोलायला हवं होतं. आबा, तुमाला दिसत न्हाई. चार शब्द. ते परक्या साहेबासमोर बोलायचे.

आबांनी पडदा साहेबाला परत दिला, बंदूक खांद्याला लावली आणि नळी फिरवली. ती पहिल्यांदा विहिरीकडं गेली, मग आंब्याकडं, मग हळूहळू तात्यांच्या मक्याच्या टोकाला येऊन थांबली.

तिकडून दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज आला. टमरेल कलंडलं होतं.

रानडुक्कर टमरेल बाळगत नाही. मी झेप घेतली आणि नळीला हात घालून ती वर आभाळाकडं ढकलली. मी घाबरून एवढा जोर लावला होता की चार माणसं उलटी झाली असती. पण आबांनी अजिबात ओढ घेतली नाही. नळी बेलाशक वर गेली.

मक्याच्या टोकाचा ढीग उठला. घोंगडं तसंच डोक्यावरून ओढलेलं, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात रिकामं टमरेल. ती चाल मला पाठ होती. ते तात्या होते. घोंगड्याच्या फटीतून मागं बंदूक रोखलेली पाहूनही त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आणि आताही उघडलं नाही. पाठ फिरवून, शक्य तेवढ्या अब्रूनं, पाण्याकडं म्हणून ओढ्याच्या दिशेनं निघून गेले.

आबा तिकडं तोंड करून उभे होते. “पळालं का?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाला, “हो. पळालं.” पुण्याचा माणूस, पण त्या दोन शब्दांसाठी मी त्याला आयुष्यभर मानलं.

उन्हं अंगणात आल्यावर तात्या घरी आले. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. मला वाटलं, आता हा माणूस आख्खं गाव गोळा करणार. ओरडायला त्यांना एरवी निमित्तही लागत नसे, इथं तर बंदुकीचं तोंड होतं. ते ओट्यावर बसले. आईनं चहा आणला. साहेब थालीपीठ खात होता आणि खाली बघत होता.

“तात्या,” आबा म्हणाले, “तुझ्या मक्यात डुक्कर आलतं.”

तात्यांनी बशीत चहा ओतला. एकदा माझ्याकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं, चांगला वेळ लावून पाहिलं. बघितलेलं आबांना कळत नव्हतं, म्हणून बघता आलं.

“व्हय,” तात्या म्हणाले. “मी बी बगितलं. लय मोटं व्हतं.”

“थोडक्यात सुटलं.”

“थोडक्यात.”

चहा पिऊन झाल्यावर तात्या उठले, जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्या दिवशी आमच्या शिवारात त्यांचा आवाज आला नाही. शेजारच्या वस्तीवरची माणसं विचारायला आली, तात्या आजारी हायत का म्हणून.

साहेबाला मी सायकलवरून गेस्ट हाउसला सोडून आलो. तिथून थेट पाळीवर जायला हवं होतं, पण पाय पॅडलवर राहीनात. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता खाडा केला आणि घरी परतलो. आबा ओट्यावर बसून बंदुकीची नळी फडक्यानं पुसत होते. बोटांनी चाचपत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

मी समोर बसलो. थकवा असा आला होता की रागही बसूनच आला. तीन हिवाळ्यांची झोप, डुकरं, मका, आईचे चुलीपाशी भिजलेले डोळे, सगळं एकदम तोंडात आलं.

“आबा, तात्या व्हते त्ये. टमरेल घिऊन बसले व्हते. डुक्कर बिक्कर काय न्हवतं. त्या पडद्यात बी काय न्हवतं, त्यो बंद पडला व्हता. तुमाला दिसत न्हाई, आबा. तुमाला दिसत न्हाई, आन् तुमी बंदूक लावली. मी हात घातला नसता आन् बार उडाला असता, तर काय झालं असतं?”

आबांचा हात थांबला नाही. नळीच्या टोकापर्यंत फडकं नेलं, झटकलं, घडी केली.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “दोन वरसं झाली, मी काडतूस भरत न्हाई.”